माहेरवाटेवरचे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचा वाटाडे होते, पण ते कधी पुढे चालत नसत. घाट उतरायचा असो की चढायचा, ते सगळ्यांच्या मागे, शेवटच्या माणसापासून आठ-दहा पावलांवर. पहिल्या दिवशी मला हे फारच विचित्र वाटलं. मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेला माणूस. रंकाळ्याला वळसा घालणं हीच माझी सगळ्यांत मोठी पायपीट. आणि रानात वाट दाखवायला बरोबर घेतलेला माणूस मलाच म्हणतो, "व्हा पुढं."

"आवं चाचा, वाट मला कुठं ठावं हाय?"

"चुकशीला तवा सांगतो की."

आणि मी चुकलो की सांगत. लगेच नाही. चार-पाच पावलं चुकू देत आणि मग मागून घसा खाकरत. तो खाकरा ऐकला की मी जिथे असेन तिथे थांबायचो. असं तीन-चार दिवस चाललं, तेव्हा मी वैतागून विचारलं की चाचा, ही काय रीत?

ते म्हणाले, "पुढं चालणाऱ्याला वाट दिसती. मागं चालणाऱ्याला माणूस कुठं चुकतंय त्ये दिसतंय. मला वाट म्हाईतच हाय. माणूस कुठं चुकंल, त्ये बघायला लागतंय."

महाराज गादीवर आल्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी मोजणीच्या कचेरीत नवा उमेदवार होतो. नोकरी कच्ची, पगार बेताचा आणि लग्न नुकतंच झालेलं. संस्थानातून खाली कोकणात उतरणाऱ्या पायवाटांचा एक नकाशा करावा असं कचेरीत ठरलं. गाडीरस्ते कागदावर होतेच, पायवाटा मात्र कुणी मोजल्या नव्हत्या. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याआधी चौघांनी ते नको म्हटलं होतं. कुणाला थंडीताप होता, कुणाची बायको बाळंत व्हायची होती. मला सबब सुचली नाही. मोजणीची साखळी ओढणारे दोन गडी, एक होकायंत्र आणि कागदांची पत्र्याची नळी घेऊन मी कळ्यावरून बावड्याकडे निघालो. गुऱ्हाळांचा वास मागे पडला, ऊस संपला, नाचणीची वावरं आली, आणि मग नुसतं रान. घाटमाथ्याच्या अलीकडे एका वाडीत पाटील म्हणाला, "वाटा बघायच्या हायत न्हवं? मग दस्तगीरला गाठा. त्येच्याबिगर हितं पाय टाकू नगा."

चाचा तेव्हा साठीच्या घरात असावेत. अंगानं काटक, दाढी पांढरी आणि बारीक कातरलेली. गुडघ्यापर्यंत चोळणा, खांद्यावर घोंगडं आणि कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. पायात काही नाही. त्यांच्या पायांची बोटं एकमेकांपासून अशी सुटी झाली होती की दगडावर पाऊल ठेवलं की ती दगडाला धरत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या वहाणांकडे पाहिलं. वहाणा कापशी गावच्या होत्या, नव्या कोऱ्या. लग्नात सासऱ्यांनी घेतलेल्या. चालताना कर्र कर्र वाजत, आणि त्या वाजतात याचा मला अभिमान होता.

"साखळीवालं," ते म्हणाले. पहिल्या भेटीतच त्यांनी मला हे नाव दिलं आणि पुढे कधी बदललं नाही. "ह्या वहाणा झाडाला टांगून ठेवा. सड्यावर घसरशीला, आन् घसरायच्या आदी वाघाला सांगत जाशीला."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाच्या, गुळगुळीत जांभ्या दगडावर असा आपटलो की आठ दिवस कुशीवर झोपता आलं नाही. अमीनाबींनी, म्हणजे चाचांच्या बायकोनं, हळद आणि कसलासा पाला गरम करून बांधला. वहाणा मी स्वतःच त्यांच्या परसातल्या फणसाला टांगल्या.

त्यांच्या घराण्याचा धंदा लादणीच्या बैलांचा. वरून गूळ, मिरची, तंबाखू खाली न्यायचं आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणायची. गाडीरस्ता झाला आणि तो धंदा बसला. चाचांच्या बापानं बैल विकले. राहिलेल्या पायवाटांवरून मग माणसं नेण्याचं काम चाचांकडे आलं. वर सासर आणि खाली माहेर, किंवा वर माहेर आणि खाली सासर असलेल्या बायका त्या मुलखात पुष्कळ. सणाला, बाळंतपणाला, मयताला त्यांना पोचवायचं. आजाऱ्याला डोलीत घालून खालच्या वैद्याकडे न्यायचं. गाडीरस्त्यानं चार दिवसांचा वळसा पडे, तिथे पायवाटेनं दीड दिवस लागे. चाचा कुणाला नाही म्हणत नसत, आणि कुणी हातावर काय ठेवलं ते बघतही नसत.

नमाजाची वेळ झाली की मोजणी थांबे. चाचा एखाद्या सपाट दगडावर घोंगडं पसरत आणि पश्चिमेला तोंड करत. "वाटा बी तिकडंच जात्यात आन् तोंड बी तिकडंच करायचं. सगळा जल्म एका अंगाला बघण्यात गेला," असं एकदा म्हणाले. घाटाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता. जाणारा-येणारा त्याला रानातलं पान वाहत असे. चाचाही वाहत. माझा एक गडी जरा आगाऊ होता, त्यानं यावर काहीतरी विचारलं. चाचा म्हणाले, "त्यो हितला मालक हाय. दुसऱ्याच्या वावरातनं जाताना इचारून जावं." त्यावर कुणी पुन्हा बोललं नाही.

माझ्या साखळीचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. ते अंतर विड्यात सांगत. झरा इथून तीन विड्यांवर, खालची वाडी सात विड्यांवर. एक पान खाऊन संपेपर्यंत चालायचं तो एक विडा. मी साखळी टाकून ते अंतर काढायचो आणि दर वेळी वेगळं यायचं. एका झऱ्याला त्यांनी जाताना दोन विडे सांगितले आणि येताना चार. मला वाटलं, आता सापडला म्हातारा.

"चाचा, आवं झरा तर हालला न्हाय. मग दोनाचं चार कसं झालं?"

"जाताना उतार हाय, येताना चढ. त्यात तुमच्या गड्याच्या डोस्क्यावर पेटी हाय. तुमची साखळी रिकामी चालती, माणूस वझं घिऊन चालतंय."

मी ते माझ्या टिपणवहीत लिहून घेतलं होतं. कचेरीत साहेबांनी ते पान वाचलं आणि बाजूला लाल शाईनं 'असंबद्ध' असा शेरा मारला.

कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आम्ही त्या रानात हिंडलो. मी तोपर्यंत समजत होतो की घाट म्हणजे एक डोंगर. वरून निघायचं आणि खाली पोचायचं. चाचांच्या मागे, म्हणजे चाचांच्या पुढे, चालू लागल्यावर कळलं की ते पाच-सहा वेगवेगळे मुलूख एकाखाली एक आहेत. वर उघडा सडा, वाऱ्यानं कान बधिर करणारा. त्याखाली कारवीचं रान, त्यात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. मग कडा आणि कड्याला चिकटून जाणारी एका पावलाची वाट. कड्याखाली दाट झाडी, जिथे दुपारीसुद्धा दगड ओले असत. मग एकदम ऊन, भाताची खाचरं, माड, आणि हवेला खारट वास. पुढे खाडी आणि तिच्या काठचा चिखल. प्रत्येक वाटेला नाव होतं. सुपाची वाट, शेरणीची वाट, कोंडीची वाट. मी नावं लिहीत गेलो.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तो चाचांबरोबरच. मी लहान पोरासारखा वाळूतून धावत गेलो. पाण्यात गुडघाभर उभा राहून मागे पाहिलं, तर चाचा वाळूच्या कडेला उभे होते, समुद्राकडे पाठ करून. मी हाका मारल्या. ते वळले नाहीत.

"काय हो चाचा, एवढं चालून आलो आन् बघणार बी न्हाय?"

"काय बघायचं त्यात? वाट न्हाय," ते म्हणाले. "पायाला धरायला काय न्हाय. चला, भरती यील."

त्यांना समुद्राची भीती होती असं मला वाटत नाही. जिथे माणसाला सांभाळून नेता येत नाही, तिथे त्यांना उभं राहवत नसे, एवढंच असावं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

त्या मुलखात एक रीत होती. पावसाळ्यात वाट मोडली, दरड आली, कडा सुटला, तर ज्याला ते पहिल्यांदा दिसेल त्यानं ताजी डहाळी तोडून वाटेच्या तोंडावर आडवी टाकायची आणि तिच्यावर धोंडा ठेवायचा. डहाळी आडवी दिसली की पुढे जायचं नाही. ती कुणी उचलत नसे. सरपणाला मोताद झालेली बाईसुद्धा तिला हात लावत नसे. वाळली की पुढच्यानं नवी टाकायची. तिथे कुणाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण डहाळी सगळ्यांना वाचता येत होती.

माथ्यावर एका फाट्याला मी अशी डहाळी पाहिली. जांभळीची, हिरवीगार, त्याच दिवशी तोडलेली. मी विचारलं, ही कुठली वाट? चाचा उत्तर न देता पुढच्या फाट्याकडे गेले. ते माझ्या पुढे चाललेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. दोन दिवसांनी खाली उतरल्यावर एका ओढ्याकाठी तशीच डहाळी आडवी दिसली, तीही ताजी. दिशा लावून पाहिल्यावर ध्यानात आलं की हे त्याच वाटेचं खालचं तोंड. बंदराकडे जायला ती सगळ्यांत जवळची वाट होती. चार-पाच महिने ज्याच्यासाठी हिंडत होतो ते नेमकं हेच, आणि म्हातारा सांगत नव्हता.

चाचा अधूनमधून पहाटे मुक्कामावरून एकटेच कुठेतरी जाऊन येत, ते कशासाठी हे मला ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट मला तोवर कळत नव्हती. आम्ही रानातून परत आलो की अमीनाबी दारातच चाचांना विचारत, "दोन्हीकडं?" आणि चाचा म्हणत, "व्हय, दोन्हीकडं." मगच त्या पाण्याचा तांब्या पुढे करत. मला वाटे, नवरा-बायकोचं काहीतरी आपलं असेल.

ओढ्याकाठी मी हट्टच धरला. "चाचा, ही वाट मोजल्याबिगर मी हलणार न्हाय. मला वर जाब द्यायचा हाय."

ते दगडावर बसले. पानाची चंची उघडली, पान काढलं आणि तसंच हातात धरून बसले.

"हिला माहेरवाट म्हंत्यात," ते म्हणाले. "खालच्या पोरी ह्याच वाटंनं वर माहेरी येत्यात. येत व्हत्या. माझी शरीफा बी. खाली खाडीकाठी दिली व्हती तिला. ल्हान असताना माझ्याबरूबर ही वाट शंभरदा चालली असंल."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. काही वर्षांपूर्वीची, श्रावणातली गोष्ट. चार दिवस झड लागलेली. चाचा माथ्यावरून जात असताना त्यांना दिसलं की माहेरवाटेवर कड्याच्या वळणावर अर्धी वाट खाली गेली आहे. खालून येणाऱ्याला वळणावर येईपर्यंत ते दिसायचं नाही, आणि वळणावर आल्यावर मागे सरायला जागा नाही. त्यांनी वरच्या तोंडावर डहाळी टाकली. खालचं तोंड झाकायचं तर दुसऱ्या वाटेनं अर्ध्या दिवसाचा वळसा. अंग चिंब भिजलेलं, गारठ्यानं दात वाजत होते. ह्या पावसात खालून कोण येतंय, सकाळी जाऊ, असं म्हणून ते घरी गेले.

त्याच दिवशी शरीफा नवऱ्याबरोबर खालून निघाली होती. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला येत होती. ओढ्याकाठच्या फाट्यावर नवरा म्हणाला की पाऊस फार आहे, लांबच्या वाटेनं जाऊ.

"त्येला ती काय म्हणली ठावं हाय?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणली, अब्बानं डहाळी टाकल्याली न्हाय. म्हंजी वाट चालू हाय."

वाट तिच्या पायाखालची, म्हणून ती पुढे झाली. नवरा गाठोडं घेऊन मागे. तो वाचला. तो एकटाच लांबच्या वाटेनं वर आला आणि दारात उभा राहून तेवढं एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत राहिला.

"वाटंला दोन तोंडं असत्यात, साखळीवालं. मी एकच झाकलं," चाचा म्हणाले.

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझी बायको तेव्हा गरोदर होती. ओढ्याचं पाणी वाहत होतं, आणि माझे गडी लांब उभे राहून जमिनीकडे बघत होते. चाचांनी हातातलं पान परत चंचीत ठेवलं.

"ही वाट कागदावर काढू नगा. एवढंच मागतो."

"मोडली असं लिहितो, चाचा. तिच्या नावाशेजारी."

"लिवल्यालं कोण वाचतंय? रेघ दिसती. रेघ दिसली की माणूस चालतंय." मग म्हणाले, "शबूद द्या."

मी शब्द दिला. त्यांच्या हातात हात दिला. त्यांचा तळवा दगडासारखा खरखरीत होता. त्या संध्याकाळी अमीनाबींनी दारात नेहमीचं विचारलं, तेव्हा मी मान वर करू शकलो नाही. खालची आणि वरची डहाळी वाळायच्या आत बदलायची, हा त्यांचा बारा महिन्यांचा नेम होता. त्यासाठी त्या घरातलं काय काय मागे पडलं असेल, हे मला नंतर सुचलं.

कोल्हापुरात परत आलो आणि नकाशा काढायला बसलो. माहेरवाटेची जागा कोरी ठेवली. साहेबांनी तो पाहिला. आमचे साहेब वाईट नव्हते. कामात कडक, पण सरळ. त्यांच्याजवळ कुठल्याशा जुन्या लष्करी मुक्कामांचं टिपण होतं. त्यात बावड्याखालून बंदराकडे जाणाऱ्या जवळच्या वाटेचा उल्लेख होता.

"ही कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मोडली, साहेब."

"मोडली म्हणजे आहे. मोडलेली वाट बांधता येते. पण कागदावर नसलेल्या वाटेला बांधकामाची मंजुरी कोण देईल? उद्या ती दुरुस्त झाली तर त्या लोकांचंच भलं होईल ना?"

मी म्हटलं, तिथल्या वाटाड्याला मी शब्द दिलाय. ते हसले नाहीत. "तुम्ही नोकरी त्याची करता का?" एवढंच म्हणाले. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या मेजावर सहीसाठी पडलेला होता. त्यांनी तो दाखवला नाही, धमकी दिली नाही. पण तो तिथे होता आणि मला दिसत होता. त्यांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. त्या आधारानं मी मनाची समजूत घातली आणि एक बारीक तुटक रेघ काढली. शेजारी 'मोडलेली' असं लिहिलं.

शाई वाळते न वाळते तोच चाचा कोल्हापुरात आले. दोन दिवस चालून. कचेरीच्या दारात त्यांना शिपायानं अडवलं तेव्हा मी बाहेर गेलो. त्यांच्या काखेत अमीनाबींनी दिलेली आमसुलांची पुरचुंडी होती, माझ्या बायकोसाठी.

"झाला का कागूद?" त्यांनी विचारलं. "बघू द्या की एकदा."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी त्यांना आत नेलं आणि नकाशा मेजावर पसरला. मनात आलं, यांना काय कळणार? अक्षर येत नाही, कागद कधी पाहिलेला नाही. चाचांनी हात चोळण्याला पुसले. थोडा वेळ नुसतं बघत राहिले. मग नदीची रेघ ओळखली, तिच्यावरून घाटमाथा ओळखला आणि बोट ठेवलं. "ही सुपाची," म्हणाले आणि बोट खाली समुद्रापर्यंत नेलं. परत वर आले. "ही शेरणीची." एकेक वाट बोटानं उतरले, एकही चुकली नाही. मग त्यांचं बोट त्या तुटक रेघेवर आलं आणि थांबलं.

त्यांनी ते वळणाच्या जागेपर्यंतही नेलं नाही. उचलून घेतलं.

"चाचा, शेजारी लिवलंय बघा. मोडलेली म्हणून."

"कुठं?"

मी दाखवलं. ते वाकून त्या अक्षरांकडे पाहत राहिले. "मुंगीवानी हाय," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. "कागदावर डहाळी कशी टाकायची, साखळीवालं?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं की शिकलेल्या माणसाला ते ठाऊक असेल.

मी त्यांना घरी जेवायला चला म्हणालो. ते म्हणाले, अमीना एकटी हाय, दोन्हीकडचं बघायला तिला जमायचं न्हाय. आमसुलांची पुरचुंडी मेजावर ठेवून ते निघून गेले.

नकाशा छापून आला तेव्हा तुटक रेघ सलग झाली होती आणि 'मोडलेली' हा शब्द नव्हता. नकल करणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून गाळला असेल, की ती बारीक अक्षरं त्याला डाग वाटली, देव जाणे. मी ते पाहिलं. साहेबांना सांगायला हवं होतं. सगळ्या प्रती परत करा म्हणून सांगायचं म्हणजे आधी चूक माझी म्हणायची. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. प्रती गावोगावच्या चावड्यांवर गेल्या, खाली बंदराच्या नाक्यावरही एक गेली. वाट दुरुस्त करायचा कागद कुठे अडकला ते मला कधीच कळलं नाही. त्या साली मला मुलगी झाली. तिला पाळण्यात पाहिलं की मला ते ओढ्याकाठचं वाक्य आठवे, आणि मी उठून बाहेर जाई.

पुढे चार वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी बंदरावर जायचा योग आला. नाक्याच्या भिंतीवर माझा नकाशा चिकटवलेला होता. दमट हवेनं पिवळा पडलेला, पण रेघा स्वच्छ दिसत होत्या. नाक्यावरचा माणूस बोट दाखवून म्हणाला, "घाटावर जायचं हाय ना? ही बघा, सगळ्यांत जवळची." मला तिथे उभं राहवलं नाही. तसाच चालत निघालो.

ओढ्याकाठच्या फाट्यावर दुपारी पोचलो. वाटेच्या तोंडावर एक खोपट उभं होतं. कुडाच्या भिंती, वर गवत. आणि दारात, म्हणजे वाटेच्या अगदी मधोमध, चाचा बसले होते. खूप वाळले होते. डोळ्यांवर पांढरट पडदा आलेला. माझ्या पावलांचा आवाज आला तसा त्यांनी हात वर केला.

"पावणं, हिकडनं न्हाय. त्या अंगाच्या वाटंनं जावा."

मी थांबलो.

"कागूद बघून आलाईसा व्हय? कागूद खोटा न्हाय, पर वाट न्हाय. एकजण आलता असाच, नाक्यावर बघून. मी तवा वर व्हतो. मांडी मोडली, जीव ऱ्हायला त्येचा. डहाळी व्हती आडवी. त्येला डहाळी वाचाय येत न्हवती, कागूद वाचाय येत व्हता. तवापासनं मी हितंच ऱ्हातो. वरच्या तोंडाला माझी मालकीण बसती. माणसानं सांगितलं म्हंजी ऐकत्यात."

"चाचा," मी म्हणालो.

ते मान कलती करून आवाज ऐकत राहिले. "साखळीवालं न्हवं का तुमी?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. सांगितलं. रेघ मीच काढली, शब्द दिला असताना काढली, नोकरी पक्की व्हावी म्हणून काढली. छापताना अक्षर गळलं ते पाहिलं आणि चार वर्षं गप्प बसलो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी हातानं चाचपून पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

माझं बोलणं संपल्यावर त्यांनी तांब्या चाचपून परत जवळ ओढला.

"रेघ तुमी काढली," मग ते म्हणाले. "पर त्या श्रावणात डहाळी मी टाकली न्हवती."

मी म्हणालो, नाक्यावरचा तो कागद मी आज परत जाऊन फाडतो. बाकीच्या प्रतींसाठी साहेबांना लिहितो. ते म्हणाले, "लिवा. पर पोचस्तवर हितं कोण तरी पायजे." मग मला विचारलं, पोर किती वर्षांची झाली? मी सांगितलं. "नाव काय ठिवलं?" तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आज नाक्यावर फिरून जाऊ नगा, दिस कलायला लागलाय. आदी वर घरला पोचा, मग काय लिवायचं त्ये लिवा. डावीकडनं, झऱ्यापातूर सरळ."

मी त्या दुसऱ्या वाटेनं चढू लागलो. ते माझ्या मागे आले नाहीत. मी चुकलो असतो तरी खाकरायला कुणी नव्हतं. पहिल्या वळणावरून मी खाली पाहिलं. ओढ्यापलीकडून दोन माणसं येत होती. पुढे गाठोडं घेतलेला एक गडी आणि त्याच्यामागे एक बाई, तिच्या कडेवर मूल. ती वर बोट करून त्याला काहीतरी सांगत होती. चाचांना ती दिसत नसणार. त्यांनी नुसता कान दिला, कुडाला धरून सावकाश उठले आणि दोन्ही हात पसरून वाटेत आडवे उभे राहिले.